ग्रेडरची खुर्ची

"पडला म्हणायचं. झाडावरून पडला. संपला विषय!"

"कोणत्या झाडावरून? शाळेच्या आवारात झाड आहे कुठे?"

"मग भिंतीवरून पडला म्हण."

"भिंतच गेल्या पावसाळ्यात पडली. अजून बांधायची आहे."

नीळकंठनं हातातला गडवा फेकला. तो सुचित्राच्या डाव्या कानाजवळून गेला, मागच्या दाराच्या चौकटीवर आदळला आणि मोरीपर्यंत गडगडत गेला. नीळकंठ बायकोला मारत नसे. हे तो चारचौघांत अभिमानानं सांगेही. तो वस्तू फेके, आणि त्या तिच्या अगदी जवळून जात. पंधरा वर्षांत एकदाच वाटी कपाळाला लागली होती. त्या दिवशी नेम चुकला होता की बरोबर बसला होता, हे तिनं कधी विचारलं नाही.

दिवाणावर बापूजी, तिचे सासरे, मांडीवर पॅड घेऊन बसले होते. तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस. गडवा कोणाचा नि कुठून गेला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

"सूनबाई, झाड नको नि भिंत नको. 'सदर घटनेच्या वेळी मी वर्गात हजर नव्हते.' एवढं एक वाक्य. खाली सही. पस्तीस वर्षं जबाब लिहून घेतले मी. माणूस लिहिलेल्यानं अडकतो, न लिहिलेल्यानं आजवर कोणी अडकला नाही."

"पण मी हजर होते, बापूजी."

"ते तुला माहीत. कागदाला कुठं माहीत आहे?"

स्वयंपाकघराच्या दारात क्षितिज उभा होता. वय वर्षं नऊ, हातात पाढ्यांची वही. बाप कोणत्या हाताला वळतो तिकडे त्याचे डोळे वळत होते. रविवारची दुपार होती. सोमवारी दहा वाजता सुचित्राला दारव्ह्याच्या पंचायत समितीत आपला लेखी जबाब द्यायचा होता. तिच्या चौथीच्या वर्गातला सोनू नावाचा मुलगा खांद्याजवळचं हाड मोडून सरकारी दवाखान्यात पडला होता. आणि त्याच वर्गातल्या कपिल नावाच्या मुलाचं नाव शाळेतून काढायचं, हे गावानं ठरवून टाकलं होतं.

सुचित्रा दारव्ह्याहून रोज काळीपिवळी जीपनं बोरखडी गावाला जाई. पहिली ते चौथीची शाळा, दोन खोल्या, दोन मास्तर. मोठे गुरुजी रामधन, आणि धाकट्या सुचित्रा मॅडम. चौदा वर्षं नोकरी झाली होती. तालुक्यात तिची ओळख 'खेळवाल्या मॅडम' अशी होती. बेरीज शिकवायची तर ती चिंचोके आणे, दिशा शिकवायच्या तर अंगणात पोरांना कोंबड्या करून पळवी. प्रशिक्षणात साहेब लोक तिला उभं करून इतरांना टाळ्या वाजवायला लावत. घरी आल्यावर नीळकंठ विचारी, "काय खेळून आल्या आज?" आणि पानातली भाजी बोटानं बाजूला सारी. त्याची नोकरी तालुक्याच्या कापूस खरेदी केंद्रावर होती. तो ग्रेडर होता.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे कापसानं भरलेली बैलगाडी, केंद्रावर आली की ग्रेडर पुढे होतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातला कापूस मूठभर उपसतो, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा धरून ओढतो, लांबी बघतो, आणि एक शब्द बोलतो. तो शब्द म्हणजे वर्षाचा निकाल. त्यातला सगळ्यात वाईट शब्द म्हणजे 'कवडी'. किडलेल्या, पिवळ्या पडलेल्या बोंडाचा कापूस. कवडी ठरलेली बंडी बाजूला काढतात, आणि बंडीबरोबर बंडीवरचा माणूसही बाजूला होतो. दोन हजार पाचचा तो हंगाम. भाव पडलेले, बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, तीन-तीन दिवस नंबर लागत नसे. बापासोबत पोरंही रांगेत बंडीवर झोपत. शाळेची हजेरी निम्म्यावर यायची. आणि परत आलेली पोरं नवा खेळ घेऊन यायची.

सुचित्रानं तो खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागून आवाज आला म्हणून ती गेली. सोनू उलट्या घमेल्यावर बसला होता. सोनू म्हणजे पंजाबरावांचा मुलगा, अंगानं दांडगा. पंजाबराव गावच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष. समोर पोरांची रांग. एकेक जण पुढे येई. सोनू त्याच्या कानशिलाजवळचे दोन केस अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढी. केस हातात आला की उजेडात धरून बघे, घसा खाकरे, आणि म्हणे, "हं. दोन नंबर. चाल पुढं."

ते खाकरणं सुचित्राच्या घरचं होतं. रोज संध्याकाळी नीळकंठनं फाटक उघडण्याआधी ऐकू येणारं.

रांगेत शेवटी कपिल होता. इंदूबाईचा मुलगा. इंदूबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची, नवरा परागंदा. कपिल हाडं मोजून घ्यावीत असा काटकुळा, डोक्यात चाई पडलेली. सोनूनं त्याच्या कानशिलावर हात फिरवला. ओढायला केस सापडेना.

"याच्यात तं धागाच नाही बे!" सोनू म्हणाला. "कवडी! बाजूले घ्या. तुडवा."

घरात कापूस साठवला की पोरांना ढिगावर सोडतात आणि नाचायला लावतात, म्हणजे कापूस दबून बसतो. ते काम ही पोरं चालता येऊ लागल्यापासून करत होती. त्यांनी कपिलला आडवा पाडला आणि पाय लावले. पाठीवर, मांड्यांवर, पोटावर. हसत, टाळ्या देत, एका लयीत. कपिल ओरडला नाही. त्यानं दोन्ही हातांनी फक्त डोकं झाकलं होतं. त्या सरावावरून तिला कळलं, हा खेळ आजचा नाही.

तिनं दोघा-तिघांना फटके देऊन बाजूला केलं. सोनूच्याही एक ठेवून दिली. मग वर्गात जाऊन स्वतःच्या हाताकडे बघत बसली. मारू नका हे सांगायला तिला पहिल्या मिनिटात मारावंच लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठात तिनं गोष्ट सांगितली आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, "आम्ही कोणाला मारणार नाही, कोणाला चिडवणार नाही." पोरांनी खणखणीत आवाजात म्हटलं. मधल्या सुट्टीत कपिलचा शर्ट फाटला.

मग तिनं दोरीचा खेळ काढला. सगळ्यांनी गोल बसून एक लांब दोरी धरायची आणि सगळ्यांनी एकदम उठायचं. एकानं जरी हात सोडला तरी सगळे ढुंगणावर आपटतात. चार दिवस पोरं त्यात रमली. पाचव्या दिवशी कोणीतरी त्याच दोरीनं कपिलला खिचडीच्या शेडच्या खांबाला बांधून ठेवला. इंदूबाईनं खिचडी ढवळता ढवळता पोराला सोडवलं, चुलीतली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाची, काडी ओढून त्याच्याच पायावर दोन ओढल्या आणि म्हणाली, "तू मार खाऊन राह्यला म्हणून थे मारून राह्यले. काहून जाते त्याईच्यात?"

सुचित्रानं तिला हटकलं. "इंदूबाई, त्यानं काय केलंय? त्याला कशाला?"

"मग कोणाले मारू, मॅडम? पंजाबराव भाऊच्या पोराले?" इंदूबाई म्हणाली, आणि काडी परत चुलीत घातली.

तेव्हा सुचित्राच्या डोक्यात ती कल्पना आली. घोड्याला पाण्यापासून ओढून उपयोग नाही, पाणीच गोड करावं. पोरांना ग्रेडर व्हायचंय ना? होऊ द्या. पण गुणाचा ग्रेडर. तिनं वर्गातली आपली खुर्ची मधोमध मांडली. नीळकंठनं नमुन्याच्या पुडीतून आणलेला मूठभर कापूस घरून आणला. रोज एकाची पाळी. जो खुर्चीवर बसेल त्यानं प्रत्येकाच्या हातात कापसाचा एक पुंजका द्यायचा आणि त्याचा एक चांगला गुण सांगायचा. कवडी हा शब्द नाही. केसाला हात नाही. ज्याला गुण सापडणार नाही त्यानं खुर्चीवरून उठायचं.

आणि नवल म्हणजे, चाललं. पहिल्या दिवशी गावातल्या खेमसिंगच्या मुलीनं सांगितलं, "हिचं अक्षर एक नंबर." "हा रडत नाही, पडला तरी." "याची माय लय हासते." सोनूची पाळी आली तेव्हा तो खुर्चीवर लाल होऊन बसला. कपिल पुढं आल्यावर बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, "याले... याले चिमण्याईचे आवाज काढता येतेत." कपिलनं लगेच साळुंकीचा आवाज काढून दाखवला. वर्ग हसला, पण वेगळं हसला. त्या दिवशी काळीपिवळीत मागच्या बाकावर बोकडाशेजारी बसूनही सुचित्रा खुशीत होती. शाळांच्या केंद्रप्रमुखांना बोलावून हा खेळ दाखवायचा, असं तिनं मनात ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात केंद्रावर गडबड झाली. बोरखडीच्या बंड्यांचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला, आणि नीळकंठनं पंजाबरावांचा कापूस कवडीत काढला. कापूस किडका होता की नव्हता, ते ग्रेडर आणि कापूस दोघांनाच ठाऊक. पंजाबरावांनी त्याची कॉलर धरली. टेबल उलटं झालं. नीळकंठ शर्टाच्या दोन गुंड्या आणि चष्म्याची एक काच हरवून घरी आला. कोणाशी बोलला नाही. क्षितिजनं सातचा पाढा म्हणताना सात आठे चोपन्न म्हटलं, तेव्हा त्यानं पोराच्या कानशिलाजवळचे केस चिमटीत धरले आणि तो चवड्यांवर उभा राहीपर्यंत त्याला वर ओढलं. "छप्पन्न! काय? छप्पन्न!" मग सोडून दिलं, आणि बोटांत राहिलेला केस झटकला.

सुचित्रा पोळी लाटत होती. तिला वाटलं, पोळी टाकून उठावं. पण तवा तापला होता.

आणि तिकडे बोरखडीत पंजाबरावांनी त्या रात्री बैलाच्या कासऱ्यानं सोनूची पाठ फोडली, हे तिला नंतर कळलं. सकाळी सोनू शाळेत आला तो पिसाळल्यासारखा. प्रार्थनेच्या आधीच त्यानं कपिलचं तोंड हातपंपाच्या दांड्यावर आदळलं. कपिलचा पुढचा दात हलला, ओठ फाटला. सुचित्रानं त्याच्या ओठावर हळद दाबली. आणि आठवलं, आज खुर्चीची पाळी कपिलची आहे.

रामधन गुरुजी म्हणालेही, "मॅडम, आज राहू द्या खेळ. वातावरण चांगलं नाही."

"आजच हवा, गुरुजी. मार खाल्लेल्याला आजच खुर्ची मिळाली पाहिजे."

तिनं कपिलला खुर्चीवर बसवलं. ओठ सुजलेला, पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याच्या हातात कापूस दिला. आणि वर्गाकडे वळून ती म्हणाली, "आज कपिल साहेब आहेत. आज कपिल जे म्हणेल ते सगळ्यांनी ऐकायचं."

एवढंच वाक्य. गुणाचं नाव त्यात नव्हतं. रोज ती नियम सांगायची, त्या दिवशी सांगायची राहिली. रागात राहिली.

पहिल्या सहा-सात पोरांना कपिलनं नीट गुण सांगितले, सुजलेल्या ओठांतून बोबडे. मग सोनू समोर आला. कपिलनं त्याच्याकडे पाहिलं. हातातला कापूस अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढला. उजेडात धरला. घसा खाकरला.

"कवडी," तो म्हणाला. "तुडवा."

सोनू हसला. त्याला वाटलं, कोण तुडवतं मले. मग मागून कोणीतरी त्याच्या गुडघ्यात लाथ घातली. तो खाली गेला, आणि पोरं धावली. वीस-बावीस पोरं. ज्यांनी कपिलला तुडवलं होतं तीच, सोनूनं ज्यांचे केस ओढले होते तीच, मुलीसुद्धा. सुरुवातीला त्याच जुन्या लयीत, हसत. मग हसणं थांबलं आणि नुसते पाय राहिले. खेमसिंगच्या मुलीनं दप्तर उचलून सोनूच्या तोंडावर घातलं, पुन्हा घातलं. सोनू "माय वं" म्हणून ओरडला. ओरडता ओरडता त्याच्या तोंडात कोणाची तरी टाच गेली.

कपिल खुर्चीवर बसून होता. तो पाहतही नव्हता. कापसाचा धागा काढत होता.

आणि सुचित्रा फळ्याजवळ उभी होती. हातात खडू. तिच्यापासून सोनू सात-आठ पावलांवर. ती धावली नाही. तिच्या मनात शब्द आले ते असे: बरं झालं. कळू दे. एकदा कळू दे याला. ते शब्द ज्याच्यासाठी होते तो वर्गात नव्हताच, तो दारव्ह्याला टेबलाशी बसून बंड्या बाजूला काढत होता, हे तिला नंतर समजलं. त्या वेळी फक्त गोड वाटलं. तीसपर्यंत मोजावं इतका वेळ. मग वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला, आणि ती धावली. पोरांना ओढून फेकत आत शिरली. सोनूचा डावा खांदा भलत्याच जागी होता, आणि तोंडातून रक्ताबरोबर दोन दात आले होते.

पंजाबराव मोटरसायकलवरून आले तोवर रामधन गुरुजींनी सोनूला जीपनं दवाखान्यात धाडलं होतं. पंजाबराव थेट कपिलकडे गेले, कमरेचा पट्टा सोडत. तेवढ्यात इंदूबाई खिचडीचा लोखंडी पळा घेऊन मधे आली.

"भाऊ, तुम्ही कायले हात खराब करता? मीच मारते त्याले!" आणि तिनं मारलं. पळ्यानं, पाठीवर, पोटऱ्यांवर, हातांवर. पळ्याला लागलेली गरम खिचडी पोराच्या अंगावर चिकटत होती. एका फटक्यागणिक ती पंजाबरावांकडे बघत होती, पुरे झालं का म्हणून. सुचित्रानं पळा धरला तेव्हा इंदूबाई तिच्या कानाशी कुजबुजली, "धरू नका, मॅडम. म्या मारलं तं तो जित्ता राहीन."

पंजाबरावांनी पट्टा परत चढवला. "गुरुजी, या पोराचं नाव काटा. आजच. नाही तं मी पोलिसात लिहून देतो. आन हे बाई उद्यापासून खिचडी शिजवणार नाही." मग सुचित्राकडे वळले. तिला वाटलं, आता आपली पाळी. पण ते नुसते म्हणाले, "मॅडम, तुमचं काही नाही. तुम्ही वर्गात नव्हत्या, असं गुरुजी म्हणून राह्यले. एवढं लिहून द्या. तुमच्या घरचे सर आन मी आपसात पाहून घेऊ."

तेव्हा तिला सगळा हिशेब दिसला. ती वर्गात नव्हती, असं ठरलं की खेळ नव्हता. खेळ नव्हता की खुर्ची नव्हती. मग उरला एक चाई पडलेला पोट्टा, ज्यानं विनाकारण अध्यक्षांचा मुलगा मोडला. सगळ्यांच्या सोयीचं होतं.

शनिवारी ती दवाखान्यात सोनूला बघायला गेली. खांदा पट्ट्यांनी बांधलेला, पुढचे दोन दात नाहीत. पाठीवरचे कासऱ्याचे वळ आता निळे पडले होते. बाजूला कोणी नव्हतं.

"मॅडम," तो फुसफुसत म्हणाला, "मी काय केलंतं? तुमच्या घरचे सर करतेत तसंच तं केलं. माह्या बाबाले त्याईनं असंच केलं. सगळ्या लोकाईच्या समोर. बाबा बंडीवर बसून रडला. म्या पाह्यलं म्हणून मले मारलं."

तिनं पिशवीतलं संत्रं काढलं. त्याला दोन फोडी सोलून दिल्या. त्याला चावता येईनात, तर त्यानं त्या चोखल्या.

दवाखान्याच्या दारातच इंदूबाई भेटली. कपिलला घेऊन एसटी स्टँडकडे चालली होती. पोराच्या बखोटीला कपड्याचं गाठोडं.

"मामाकडं धाडते याले, मुकुटबनले. ढोरं राखन. शाळा काय करतो आता."

"नाव कापलं गेलं नाहीये अजून, इंदूबाई. सोमवारी माझा जबाब आहे. तोवर थांब."

इंदूबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आशाही नव्हती. "तुम्ही काय लिहान, मॅडम? तुमाले घरदार हाये." तरी ती थांबली. सोमवारपर्यंत थांबते म्हणाली. कपिल खाली बघत होता. त्याच्या मनगटावर पळ्याचा गोल डाग उमटला होता.

तर असा तो रविवार.

"लिही," बापूजी म्हणाले. "मी सांगतो. 'मी, सौ. सुचित्रा नीळकंठ, सहायक शिक्षिका, लिहून देते की—'"

"आणि कपिलचं काय?"

"कोण कपिल?" नीळकंठ म्हणाला. "त्या खिचडीवालीचा? अगं, त्याला शाळा काय नि रान काय! तुझी चौदा वर्षांची नोकरी जाईल. सस्पेंड करतील. पेपरात नाव येईल, ग्रेडरची बायको म्हणून. माझ्या टेबलासमोर रोज बंड्या असतात, माहीत आहे ना? गेल्या आठवड्यात कॉलरच धरली, या खेपेला विळा काढतील. तो पंजाबराव स्वतः मिटवतो म्हणतोय, तर तुला कायले खाज आहे?" रागावला की नीळकंठच्या तोंडून बोरखडीचीच बोली बाहेर पडे.

"त्या पोरांनी तो खेळ कुठून आणला, विचारा ना."

"कुठून?"

"तुमच्याकडून."

नीळकंठ हसला. "घ्या! आता पोट्ट्यांची मारामारीही माझ्यावर. बापूजी, ऐकलं का? मी बंड्या बघायच्या की बोरखडीची बालवाडी चालवायची?"

"नीळकंठ, तू गप. सूनबाई, तू लिही. आपल्या घरातल्या बाईनं आजवर कोणत्याही कागदावर गुन्हा कबूल केलेला नाही."

"आपल्या घरातल्या बाईला आजवर कोणी कागदच दिला नव्हता, बापूजी."

"आई वर्गात होती," दारातून क्षितिज म्हणाला. आवाज इतका बारीक की पाढा चुकल्यासारखा. "तिनं मला सांगितलं. ती बघत होती."

नीळकंठ दोन पावलांत त्याच्यापाशी गेला. "तुले कोणी विचारलं?" हात सवयीनं कानशिलाकडे गेला, चिमटी बसली, पोरगं चवड्यांवर उचललं गेलं. आणि क्षितिजनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. अगदी कपिलसारखं. रडला नाही, ओरडला नाही. कोपरं वर, हनुवटी छातीत. हा सराव त्याला कधी झाला, किती वेळा पोळ्या लाटताना झाला, हे सुचित्राला त्या क्षणी कळलं.

या खेपेला ती उभी राहिली नाही. तिनं नीळकंठचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि नखं रुतवली, त्याची बोटं सुटेपर्यंत. रक्त आलं. नीळकंठनं आधी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि उजव्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. वस्तू नाही, हात. तिचा चष्मा दिवाणाखाली गेला. ती भिंतीला टेकली. तोंडात खारट चव आली.

बापूजी म्हणाले, "नीळकंठ, दार लाव. शेजारी ऐकतील."

नीळकंठ दार लावायला गेला. तेवढ्यात सुचित्रानं दिवाणाखालून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि सासऱ्यांच्या मांडीवरचं पॅड उचललं. त्यांनी लिहिलेलं वरचं पान टर्र फाडलं. जमिनीवर मांडी घालून बसली आणि लिहू लागली. अक्षर नेहमीसारखं गोल, फळ्यावरचं. खेळ काय होता ते लिहिलं. खुर्ची लिहिली. त्या दिवशी नियम सांगितला नाही, ते लिहिलं. मुलांना कपिलचं ऐकायला मीच सांगितलं, ते लिहिलं. मग पेन थोडं थांबलं. क्षितिज तिच्या पाठीला टेकून बसला होता. तो अजूनही हात डोक्यावरून काढत नव्हता. तिनं शेवटचं वाक्य लिहिलं: 'मी सात-आठ पावलांवर उभी होते, पाहत होते, आणि मला थांबवता येत असूनही मी लगेच थांबवलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

नीळकंठ दाराला पाठ लावून उभा होता, मनगट दाबून. "काय लिहिलं?"

"मी होते, असं लिहिलं. हे उद्या दहा वाजता पंचायत समितीत मी स्वतः देणार आहे. कपिलचं नाव शाळेतच राहील. आणि परवापासून क्षितिज माझ्याबरोबर बोरखडीच्या शाळेत येईल, तुम्ही त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. बापूजी, सकाळी मी क्षितिजला घेऊन निघते, डबे होणार नाहीत."